रस्त्याची कड

माझे आजोबा पुण्यात टांगा हाकायचे. घरात आम्ही सगळे त्यांना दादामियाँ म्हणत असू. मंडईपासून थोड्या अंतरावर टांग्यांचा थांबा होता. थांब्यावर एक लोखंडी खांब, खांबावर पाटी आणि पाटीवर एवढाच मजकूर : 'टांगे ६'. म्हणजे त्या जागी एका वेळी सहाच टांगे उभे राहतील. सातवा आला तर त्याने थांबायचं नाही. घोडं तसंच पुढे काढायचं, चौकाला वळसा घालायचा आणि तोवर जागा झाली असेल तर रांगेच्या शेवटी लागायचं. दादामियाँ कधी पहिले असत, कधी सातवे. सातवे असलात की राग येत नाही का, असं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते त्यांच्या दखनीत जे म्हणाले त्याचा अर्थ इतकाच, की राग कसला, जागा काय आपल्या बापाची आहे?

मी चौथीत असताना त्यांनी घोडं विकलं. पाटी पुढेही काही वर्षं तिथे होती. टांगे संपल्यावर त्या खांबाला कोणी सायकल साखळीने बांधून ठेवायचं, कोणी लूना टेकवून ठेवायचं. पाटीवरचा आकडा कोणी वाचत नसे.

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह, राज्याभिषेक आठवतात. आज मला फार किरकोळ जागेचा इतिहास सांगायचा आहे. दुकानाची पायरी संपते आणि रस्ता सुरू होतो, तिथली सहा-सात फुटांची पट्टी. मराठीत तिला नीट नावही नाही. आपण तिला रस्त्याची कड म्हणू. गाडी लावायला जागा मिळाली नाही म्हणून आपण सगळे रोज जी चिडचिड करतो, ती या कडेसाठी. ही कड कोणाची, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

प्रश्न नवा नाही. आजच्या इराकमधलं निनवे हे शहर इसवी सनापूर्वी सातशेच्या सुमारास ॲसिरियाचा राजा सेनाखरीब याने मोठ्या हौसेने वाढवलं. तिथल्या राजमार्गावर त्याने शिलालेख उभे केले. हा रस्ता कोणी अरुंद करू नये. ज्याचं घर रस्त्यावर पुढे येईल त्याला त्याच घराच्या छपरावर सुळी देऊ, असा त्यांचा आशय. काही लोक हौसेने याला जगातली पहिली 'नो पार्किंग'ची पाटी म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. ती धमकी गाड्यांना नव्हती, पुढे सरकणाऱ्या घरांना होती. पण रस्त्याची कड गिळण्याची माणसाची सवय किती जुनी आहे, ते त्यावरून कळतं.

आपल्याकडे कौटिल्याने अर्थशास्त्रात नगरातल्या रस्त्यांची रुंदी दंडांत मोजून दिली आहे आणि रस्त्यावर केर टाकणाऱ्याला, चिखलपाण्याने वाट अडवणाऱ्याला दंड सांगितला आहे. एक दंड मोजायचा, दुसरा भरायचा. पहिला विसरला की दुसऱ्याची पाळी येते.

रोमची गोष्ट आणखी जवळची वाटते. त्या शहरातल्या गल्ल्या आपल्या पेठांसारख्याच चिंचोळ्या. ज्युलियस सीझरच्या काळातला, इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमाराचा एक नियम काशाच्या पत्र्यावर कोरलेला सापडला आहे. सूर्योदयापासून दुपार कलेपर्यंत मालाच्या गाड्यांनी शहरात यायचं नाही, असा तो नियम. देवळांच्या बांधकामाचं सामान आणि आणखी काही मोजक्या गाड्या तेवढ्या वगळल्या होत्या. परिणाम काय झाला? दिवसा रस्ते मोकळे झाले आणि सगळ्या गाड्या रात्री खडखडत येऊ लागल्या. पुढे शंभर-दीडशे वर्षांनी जुव्हेनाल नावाच्या कवीने, या शहरात गाड्यांच्या आवाजाने झोप लागत नाही, अशी तक्रार आपल्या उपहासकवितेत करून ठेवली. कवींचं दुखणंही जुनंच आहे. पण त्यातला धडा महत्त्वाचा आहे. रस्त्याला नियम लावला की गर्दी नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या वेळेला किंवा दुसऱ्या जागेला जाते. नियम करणाऱ्याने ती कुठे जाईल हे आधी पाहायला हवं.

आता पुण्यात येऊ. आपल्या जुन्या पेठांचे रस्ते आखले गेले ते पालखी, घोडा, बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस यांच्या मापाने. अठराव्या शतकात तुळशीबागेतलं राममंदिर उभं राहत होतं, तेव्हा पुढे या भोवती बायकांच्या खरेदीची एवढी झुंबड उडेल आणि प्रत्येकीच्या घरून एक दुचाकी येईल, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसेल. भाजीचा बाजार त्या काळी शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. तो हलवून शुक्रवार पेठेत मंडईची दगडी इमारत झाली ती १८८६ साली. गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं होतं. नगरपालिकेत असताना महात्मा फुल्यांनी, हा पैसा शिक्षणावर खर्च करा, म्हणून मंडईच्या खर्चाला विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. पण मंडईचा हेतू समजून घेण्यासारखा आहे. रस्त्यावर, मैदानात बसणारा बाजार छपराखाली न्यायचा आणि रस्ता चालण्यासाठी मोकळा करायचा. गाळा घेणाऱ्याने भाडं द्यायचं. म्हणजे ज्याने सार्वजनिक जागा अडवली त्याने तिचं मोल द्यावं, हे तत्त्व भाजीवाल्याच्या बाबतीत आपण तेव्हाच मान्य केलं होतं.

मग सायकली आल्या. माझ्या वडिलांचं गंज पेठेत भाड्याच्या सायकलींचं छोटं दुकान होतं. वही, बांधलेली पेन्सिल आणि भिंतीवरचं घड्याळ एवढंच भांडवल. गिऱ्हाईक आलं की अब्बा नाव आणि वेळ लिहून घ्यायचे, परत आलं की तास मोजून पैसे घ्यायचे. पाच मिनिटं जास्त झाली तर सोडून द्यायचे, पंधरा झाली तर नाही. तेव्हाचं पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. सायकलीला नगरपालिकेचा कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला तर पोलीस धरायचा. सायकल ही गरिबाची गाडी, तरी तिच्यावर कर होता आणि लोक कुरकुरत का होईना, तो भरत होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते याच्या उलट झालं.

१९६० साली आकुर्डीला बजाजचा कारखाना आला. १९७२ साली लूना आली. ऐंशीच्या दशकात किनेटिक होंडा आली आणि घराघरांतल्या मुली, बायका बटण दाबून निघू लागल्या. हे चांगलंच झालं. माझ्या बहिणीला नोकरी करता आली ती अशाच एका दुचाकीमुळे. त्या काळात शहराची बससेवा धड असती तर तिने दुचाकी घेतली नसती, असंही ती सांगते. सायकल भिंतीला टेकून एका फुटात मावत होती. दुचाकीला तीन फूट लागू लागले आणि मोटारीला तर लांबी-रुंदी धरून सव्वाशे-दीडशे चौरस फूट, म्हणजे चाळीतल्या एका खोलीएवढी जागा. रस्ते तेवढेच राहिले. मंडईजवळ १९१५ साली सुरू झालेलं 'आर्यन' हे चित्रपटगृह होतं, पुढे 'मिनर्वा'ही होतं. दोन्ही गेली आणि त्यांच्या जागी वाहनतळ आले. लोक आजही 'गाडी आर्यनला लावली' असं म्हणतात. जिथे आमच्या आधीच्या पिढीने सिनेमे पाहिले, तिथे आमच्या पिढीने गाड्या लावल्या.

उरलेल्या रस्त्यांसाठी पुण्याने सम-विषम तारखांची युक्ती काढली. 'पी १' आणि 'पी २'च्या पाट्या. एका तारखेला रस्त्याच्या या अंगाला गाड्या लावायच्या, दुसऱ्या तारखेला त्या अंगाला. बाहेरगावचा पाहुणा ती पाटी पाहून चक्रावतो. आम्हा पेठकरांना मात्र सकाळी उठल्यावर तारीख ठाऊक असते ती त्या पाटीमुळे. युक्ती न्यायाची आहे. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना आळीपाळीने ताप आणि आळीपाळीने सोय. फक्त महिना ३१ दिवसांचा असला की ३१ तारीखही विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. एकाच बाजूवर दोन दिवस लागोपाठ मुक्काम. पण मुख्य उणीव वेगळीच. ही पाटी कोणत्या बाजूला उभं राहायचं ते सांगते. किती वेळ उभं राहायचं, ते सांगत नाही. दादामियाँच्या पाटीवर निदान आकडा तरी होता.

आता मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना थोडं लाजायला होतं. बी. ए. झाल्यावर मी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला लागलो. १९९८ साली हप्त्यांवर स्कूटर घेतली. सकाळी साडेदहाला मी ती दुकानासमोर लावायचो आणि रात्री नऊला काढायचो. पाटीचा दिवस पाहून समोरच्या बाजूला लावली तरी तीच वेळ. दुकानात आम्ही सात माणसं, सहा दुचाक्या. मालकांची मोटार शेजाऱ्याच्या दारात, शेजाऱ्याची त्याच्या पुढच्याच्या दारात. साडेदहाला रस्त्यावर पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत रस्त्याची कड भरलेली असायची आणि ती भरलेली असायची आम्हा दुकानवाल्यांच्याच गाड्यांनी. मग दिवसभर आम्हीच म्हणायचो, 'गिऱ्हाईक येत नाही हो, पार्किंगच नाही ना!'

एकदा दुपारी दुकानाचा फोन वाजला. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, सत्तरीच्या पुढचं जोडपं. नातीच्या लग्नासाठी शालू घ्यायचा होता. आजोबा म्हणाले, 'तीन फेऱ्या मारल्या. हिचे गुडघे दुखतात, लांब लावून चालवत नाही. आम्ही परत चाललो.' रागावले नव्हते. नुसतंच सांगत होते. मी फोन ठेवला आणि काचेतून बाहेर पाहिलं. समोर माझी स्कूटर उभी होती. म्हणजे ते जोडपं तीन वेळा माझ्या स्कूटरवरून गेलं होतं. एका स्कूटरच्या जागेत मोटार मावत नाही, हे खरं. पण तशा सहा होत्या.

मी हिशेबनीस. रात्री वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. साडेदहा ते नऊ म्हणजे ६३० मिनिटं. एका गिऱ्हाइकाला खरेदीला पाऊण तास धरला तर माझ्या एका स्कूटरच्या जागेवर दिवसाला १४ दुचाकीवाली गिऱ्हाइकं येऊन गेली असती. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४,२००. ज्या दुकानाच्या मिठावर माझं घर चालत होतं, त्याच दुकानाच्या दारातून मी वर्षाला चार हजार माणसांची जागा अडवत होतो. दादामियाँ सातवे असले की फिरत होते. मी रोज पहिला येऊन बसत होतो आणि सत्तरीच्या माणसांना फिरायला लावत होतो.

पुढच्या सोमवारपासून मी स्कूटर वाहनतळावर लावायला लागलो आणि सात-आठ मिनिटं चालत दुकानात येऊ लागलो. मनाला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पाहिलं तर माझ्या जागेवर शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या एका पोराची मोटारसायकल दिवसभर उभी. माझ्या एकट्याच्या शहाणपणाने त्या रस्त्यावर एका गिऱ्हाइकाचीही सोय झाली नव्हती. तेव्हा मला कळलं की हा सज्जनपणाचा प्रश्न नाही. पाटीवर आकडा हवा आणि तो सगळ्यांना लागू हवा.

नेमकं हेच कोडं १९३५ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहराला पडलं होतं. तिथल्या बाजारपेठेत काम करणारी माणसं सकाळी येऊन मोटारी लावत आणि संध्याकाळी काढत. खरेदीला येणाऱ्याला जागा नाही. व्यापाऱ्यांच्या संघटनेने हे काम सोपवलं कार्ल मगी नावाच्या वृत्तपत्राच्या संपादकाकडे. त्याने तिथल्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांच्या मदतीने एक यंत्र बनवून घेतलं. खांबावर घड्याळ; त्यात पाच सेंटचं नाणं टाकायचं, की तासभर उभं राहायची मुभा. १६ जुलै १९३५ रोजी पहिलं यंत्र बसलं. लोक संतापले. रस्ता आमचा आणि त्यावर उभं राहायला पैसे? कोर्टकज्जे झाले. यंत्राचा नियम मोडल्याबद्दल पहिल्यांदा ज्याला पकडलं, तो म्हणे एक पाद्री होता आणि तो सुटे पैसे आणायला दुकानात गेला होता. सुरुवातीला रस्त्याच्या एकाच बाजूला यंत्रं होती. थोड्याच दिवसांत समोरच्या बाजूचे दुकानदार अर्ज घेऊन आले, की आमच्याही बाजूला बसवा. कारण यंत्राच्या बाजूला गाड्या येत होत्या, जात होत्या आणि गल्ला वाजत होता.

मला यात अब्बांची वही दिसते. तेही तासच मोजत होते. फरक एवढाच, की अब्बा चालणाऱ्या सायकलीचे पैसे घेत आणि मगी उभ्या मोटारीचे घेत होता.

पुढे कॅलिफोर्नियात डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी आयुष्यभर याच एका विषयाचा अभ्यास केला. २००५ साली त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. २०२५ साली ते वारले. फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याचे पैसे दुसराच कोणीतरी भरत असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या विद्यापीठाशेजारी वेस्टवूड नावाची छोटी बाजारपेठ आहे. तिथल्या फक्त पंधरा चौकटींच्या परिसरात, जागा शोधत गोल गोल फिरणाऱ्या मोटारींचं वर्षाचं अंतर त्यांनी हिशेबाने काढलं. ते निघालं साडेनऊ लाख मैल. पृथ्वीला ३८ प्रदक्षिणा. आमच्या शालूवाल्या आजोबांच्या तीन फेऱ्या मला तेव्हा आठवल्या. शूप यांचा उपाय साधा होता. रस्त्याच्या कडेचा दर इतकाच ठेवा, की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील. त्याहून जास्त नको, कमीही नको. गर्दीच्या वेळी जास्त, बाकीच्या वेळी कमी.

आणि दुसरा उपाय मला पहिल्याहून शहाणपणाचा वाटतो. जमलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा. तिथल्याच पॅसाडिना शहराची जुनी बाजारपेठ एकेकाळी पार रया गेलेली होती. १९९३ साली नगरपालिकेने तिथे मीटर बसवायचं ठरवलं, तेव्हा दुकानदारांनी, उरलंसुरलं गिऱ्हाईकही पळेल, म्हणून विरोध केला. नगरपालिकेने तोडगा काढला. मीटरचे पैसे शहराच्या तिजोरीत जाणार नाहीत; तुमच्याच गल्लीतले पदपथ, झाडं, दिवे, सफाई यांवर खर्च होतील. विरोध मावळला. पदपथ नीट झाले, माणसं चालायला येऊ लागली आणि बाजारपेठ पुन्हा उभी राहिली. पैसा कुठे गेला हे डोळ्यांनी दिसलं, की माणूस तो द्यायला तयार होतो. मशिदीची वर्गणी असो की मंडळाची, आपला अनुभव काही निराळा नाही.

आपल्याकडे काय झालं? २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात, शहरातली जमीन मोलाची आहे, पार्किंगचा दर तिच्या मोलाशी जुळता हवा, असं लिहिलेलं आहे. २०१८ च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेच्या सभेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की ते प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं आखडलं आणि पुढे कित्येक वर्षं कागदावरच राहिलं. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर आपण अजूनही दंडावरच भिस्त ठेवून आहोत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात किरकोळ गुन्ह्याला पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत दंड होता, २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० पर्यंत गेला. क्रेन येते, पोरं गाड्या उचलतात, रस्त्यावर खडूने चौकीचं नाव उरतं. ज्याची उचलली त्याला वाटतं, आपलं नशीब फुटकं. कारण शेजारची उचललेली नसते. दंड हा असा लॉटरीसारखा लागला, की लोक नियम पाळत नाहीत, नशीब आजमावतात.

धोरणाला विरोध करणारे सगळे स्वार्थी होते, असं मी म्हणणार नाही. आमच्या दुकानातला साड्या दाखवणारा सहकारी मला म्हणाला होता, 'तासाला दोन रुपये धरले तरी दिवसाचे एकवीस, महिन्याचे साडेपाचशे. पगार किती, ते तुम्हीच लिहिता वहीत.' त्याचं म्हणणं खरं होतं. त्याच्या घरापासून दुकानापर्यंत यायला दोन बस बदलाव्या लागत आणि रात्री नऊनंतर त्यांचा भरवसा नसे. अशा माणसाला आधी बस द्या, मासिक पासात स्वस्त वाहनतळ द्या आणि मग रस्त्याच्या कडेचा दर लावा. क्रम उलटा केला तर रोमसारखं होईल. गर्दी नुसती शेजारच्या गल्लीत जाईल. आता २०२४ च्या सप्टेंबरपासून मंडईला जमिनीखालून मेट्रो येते. म्हणजे निदान काहींच्या बाबतीत, दुसरा मार्गच नाही, हे कारण उरलेलं नाही.

पण एक गोष्ट मला खटकते. कडेला हातगाडी लावून केळी विकणारा माणूस असतो. त्याच्यासाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा झाला. परवाना, जागेची मर्यादा, शुल्क, सगळं आहे. तरी अतिक्रमणाची गाडी आली की पहिला तोच पळतो. त्याच्याच शेजारी त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा अडवून एक बंद मोटार सकाळपासून उभी असते. तिला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. पोटासाठी उभा राहणारा अडथळा आणि सोयीसाठी उभी राहणारी वस्तू मात्र हक्काची, असं आपण कधी आणि का ठरवलं? आणि यात कोणा एका समाजाकडे बोट दाखवायला जागा नाही. जुम्म्याला आमच्या मशिदीबाहेर गाड्यांच्या दुहेरी रांगा लागतात, गणपतीत आणि दिवाळीच्या खरेदीत पेठांमध्ये काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. या एका बाबतीत आपलं पूर्ण ऐक्य आहे.

११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेने लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन केला. उंबऱ्या गणपती चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंत गाड्या बंद. मी बायकोला घेऊन गेलो होतो. ज्या रस्त्यावर मी उमेदीची सगळी वर्षं काढली, त्याच्या मधोमध त्या दिवशी पहिल्यांदा निवांत चाललो. वर पाहायला सवड होती, म्हणून जुन्या वाड्यांचे लाकडी सज्जे दिसले. पोरं रस्त्यात खेळत होती. एक म्हातारं जोडपं हातात हात घालून हळूहळू चालत होतं. ते आमचं शालूवालं जोडपं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते असणं कठीणच. पण मी उगाच वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाड्या परत आल्या. वर्षातला एक दिवस ही करमणूक झाली, व्यवस्था नव्हे. तरी एक कळलं, की हा रस्ता अरुंद नाही. आपण तो अरुंद केला आहे.

माझा मुलगा आता मोटार घ्यायची म्हणतो. आम्ही राहतो त्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मी त्याला विचारलं, 'ठेवणार कुठे?' तो म्हणाला, 'सगळे ठेवतात तिथेच, दारात.' मी त्याला सांगितलं की जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे, मोटार ठेवायला स्वतःची जागा आहे हे दाखवल्याशिवाय ती नावावर होत नाही. तो हसला. म्हणाला, 'अब्बा, हे जपान नाही.' त्याचं खरं आहे. पण दादामियाँचा थांबा जपानात नव्हता. तो इथेच होता, मंडईपासून हाकेच्या अंतरावर, आणि त्या पाटीवरचा आकडा न शिकलेल्या टांगेवाल्यांनाही वाचता येत होता.

दादी आम्हाला लहानपणी सांगायची, की वाटेतला दगड किंवा काटा उचलून बाजूला टाकणं हाही सदकाच, दानच आहे. त्याला पैसे लागत नाहीत. शाळेतून येताना मी असे दगड बाजूला करत यायचो आणि घरी येऊन तिला मोजून सांगायचो. पुढे मीच एक दीड मणाहून मोठा दगड रोज साडेदहा तास वाटेत ठेवत होतो, हे मला बारा वर्षं कळलं नाही. मुलाच्या मोटारीचं अजून ठरलेलं नाही. त्याने जागेचा शोध मात्र सुरू केला आहे. आमच्या वाहनतळावर महिन्याचा दर काय आहे, ते परवा तो विचारून आला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)